मुलताईची गाडी, महाराष्ट्राचा नंबर

आमच्या यांच्या बदलीचा कागद आला तेव्हा सासूबाई पहिलं वाक्य बोलल्या, "आता हा जाईन कसा?"

हे प्राथमिक शाळेत मास्तर. डावा पाय लहानपणीच्या तापात गेलेला, काडीसारखा बारीक. काठी टेकत चालत, पण फर्लांगभर गेले की बसावं लागे. अमरावतीतली शाळा घराजवळ होती म्हणून निभत होतं. नवी शाळा वलगावच्या पुढं, सडक सोडून तीन कोस आत. वलगावपर्यंत मोटर जाई, तिथून पुढं गाडीवाट. बिऱ्हाड तिकडं न्यावं तर सासूबाईंच्या डोळ्यांचं औषधपाणी अमरावतीच्या दवाखान्यात चालू. यांनी अर्ज केला, मला इथंच ठेवा. उत्तर आलं, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. वर शाळाखात्याचा साहेब तोंडीही बोलला, "मास्तर, पायानं होत नसन तं घरी बसा."

हे मला सांगताना हसले. ते हसणं मला बिलकुल आवडलं नाही.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. माझं माहेर मुलताईच्या पलीकडं. लग्न झालं तेव्हा मुलताई आणि अमरावती एकाच राज्यात होत्या. मग राज्यं नव्यानं आखली, माहेर मध्यप्रदेशात राहिलं आणि सासर फिरत फिरत महाराष्ट्रात आलं. आम्हाला त्याचं काय! तोच वरूडचा रस्ता, तीच संत्र्यांची झाडं. ओवाळून झाल्यावर भावानं ताटात नुसती सुपारी ठेवली. मी बघतच राहिले.

"बाई, यंदा लुगडं नाही देत तुले. गोठ्यात ये."

गोठ्यात कडब्याच्या मागं एक मोटरसायकल उभी होती. गावातल्या मिलिटरीच्या पेन्शनराची. बाजूला एक डबा जोडलेला, त्याला तिसरं चाक, आत माणूस बसेल एवढी जागा.

"ही उभी राह्यली का पडत नाही. पाय टेकाचं काम नाही. गिअर हाताचा आहे, किक उजव्या पायानं. दाजीचा उजवा पाय तं चांगला आहे ना?"

मी तिथंच डब्यात बसले आणि रडले. पैसे थोडे माझे, थोडे भावाचे, कुठून आले ते सांगत बसत नाही. आले.

कागदांसाठी भाऊ मला बैतूलच्या ऑफिसात घेऊन गेला. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर इथलं काही देणं नाही, आमची काही हरकत नाही, असा दाखला लागतो. तिथला कारकून मोठा गमतीचा. "बहनजी, आप भी इधर की, गाडी भी इधर की. आपकी शादी में किसीने नाहरकत ली थी क्या?" भाऊ म्हणाला, "हिले नेताना कोनी काही मागतलं नाही साहेब, उलट आमीच दिलं." सगळं ऑफिस हसलं. त्याच खुशीत भावानं गाडीचा मार्चपर्यंतचा टॅक्सही तिथंच भरून टाकला, बहिणीवर बोजा नको म्हणून. मी पावती पदरात बांधली.

पण भावाचं समाधान तेवढ्यानं कुठलं व्हायला! माहेरची वस्तू बहिणीच्या दारात जुनाट दिसायला नको. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात, त्यातला ऑइलपेंट उरला होता. दोन दिवस बसून त्यानं गाडी रंगवली. टाकी लाल, डबा निळा, चाकाच्या मधोमध पिवळं. गंजाचा एक ठिपका म्हणून ठेवला नाही. शेजारचे म्हणाले, झूल तेवढी राहिली.

हे घ्यायला आले. पेन्शनरानं चार दिवस यांना शेतात फिरवून चालवायला शिकवलं. पहिल्या दिवशी हे सरळ कडब्याच्या गंजीत शिरले. चौथ्या दिवशी मला डब्यात बसवून नाल्यापर्यंत नेलं आणि आणलं, लायसनही मुलताईतच झालं. मग आम्ही निघालो. मोर्शीच्या अलीकडं नाक्यावर हवालदारानं अडवलं. कागद बघितले आणि चिठ्ठी लिहून दिली, शनिवारपर्यंत इथला नंबर घ्या, नाहीतर गाडी ठाण्यात लागेल.

आता बघा कसं झालं. मोटरींचे साहेब नागपुरावरून महिन्यातून एकदा येत आणि मैदानात गाड्या तपासून नंबर देत. अमरावतीची पाळी दिवाळीआधीच होऊन गेली होती. अकोल्याची होती शुक्रवारी. शनिवारी हवालदाराची मुदत, सोमवारी शाळा. एकच दिवस हातात होता.

शुक्रवारी पहाटे निघालो. मी डब्यात, मांडीवर भाकरी-ठेच्याचं फडकं, तोंडावर पदर. मूर्तिजापूरला चहा प्यायलो तर हॉटेलातली माणसं बाहेर येऊन गाडीभोवती फिरली. एक जण म्हणाला, "मास्तर, सर्कशीतून आनली काय?" हे म्हणाले, "हो. अन् वाघीन डब्यात बसली आहे." हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

अकोल्याच्या मैदानात ट्रक, मोटरी, जीप रांगेनं उभ्या. आमचा नंबर लागता लागता दुपार झाली. साहेब तरुण होता, टापटिपीचा. कागद वाचले, मान हलवली, मग हँडलखाली, गाडीच्या गळ्याशी वाकला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"नंबर कुठाय?"

हे म्हणाले, "मागं पाटीवर आहे साहेब."

"तो नाही हो. लोखंडावर ठोकलेला असतो, चेसिसचा. पुस्तकातला नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळला पाहिजे. हा मुद्दाम झाकलाय. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या चोरीच्या गाड्या अशाच रंगवून आणतात."

भावानं जीव लावून रंगवलेली गाडी, आणि तीच चोरीची ठरली!

"साहेब, मह्या भावानं रंगवली," मी म्हटलं. "बैलासारखी रंगवली. त्याले काय ठाऊक तिथं नंबर असते."

"पुढच्या महिन्यात आणा बाई, साफ करून."

"सोमवारी यांले शाळेत हजर व्हाचं आहे. नाही झाले तं नोकरी जाते."

साहेब थांबला. यांच्या पायाकडं बघितलं, काठीकडं बघितलं. मग म्हणाला, "पाचपर्यंत मी आहे. पण एक सांगतो. कानस, चाकू, पॉलिशचा कागद, काही लावायचं नाही. आकड्यावर एक ओरखडा दिसला तर नंबर खोडला म्हणून मी गाडी जप्त करीन."

रांगेतले ट्रकवाले जमले. एक म्हणे पेट्रोल लावा. लावलं. रंग आणखी चकाकला. एक म्हणे जाळून टाका, तर दुसरा त्याच्यावर ओरडला, टाकी वरच आहे ना बावा. हे दगडावर बसले आणि खाली बघत म्हणाले, "जाऊ दे. बसतो घरी."

ते ऐकलं आणि मला एकदम आठवलं. एकदा मी गोधड्या भिजवायला कढत पाण्यात धुण्याचा सोडा आणि चुना कालवला होता. त्यातलं पाणी सासऱ्यांच्या हिरव्या ट्रंकेवर सांडलं. तासाभरात ट्रंकेचा रंग सायीसारखा सुरकुतून निघाला, खाली पत्रा कोराकरकरीत. सासूबाईंनी मला ते वर्षभर ऐकवलं होतं.

मी उठले. पानठेल्यावरून डबीभर चुना घेतला, किराण्यातून सोडा, चहावाल्याकडून उकळतं पाणी. काडीनं कालवलं आणि चिंधीनं गाडीच्या गळ्यावर थापून ठेवलं.

ट्रकवाला म्हणाला, "माय, हे काय, पोटीस बांधून राह्यली का गाडीले?"

"हो, घसा बसला तिचा. बोलत नाही."

साहेब लांबून बघत होता, पण अडवलं नाही. अर्धा तास गेला. चिंधी वाळली की मी कढत पाणी घालायची. बोटं चुरचुरायला लागली होती. मग चिंधी उचलली, आणि लाल रंग खरंच सुरकुतला होता! नारळाच्या काथ्यानं हळूच पुसला. खाली जुना काळा रंग. पुन्हा थापलं, पुन्हा अर्धा तास. पाचाला थोडंच राहिलं होतं तेव्हा काथ्याखाली एक आकडा दिसला. मग दुसरा.

"दिसला!" ट्रकवाला एवढ्यानं ओरडला की साहेब सही करता करता उठून आला. वाकला, बोट फिरवून ओरखडा आहे का बघितलं. मग मला म्हणाला, "वाचा."

मी एक एक आकडा वाचत गेले, तो पुस्तकात बोट ठेवत गेला, आणि मागं जमलेली माणसं माझ्यामागून मोठ्यानं म्हणत गेली, शाळेतल्या पाढ्यांसारखं. शेवटचा आकडा जुळला तेव्हा टाळ्या वाजल्या. साहेबही हसला. "बाई, आमच्या खात्यात या तुम्ही."

मग टॅक्सच्या टेबलावर गेलो. मी ऐटीत पदराची गाठ सोडून बैतूलची पावती पुढं केली. "मार्चपर्यंत भरला आहे."

कारकुनानं ती वाचून परत दिली. "हा तिकडचा झाला बाई. इकडच्या सडकेवर चालवाची तं इकडचा भराव लागते."

"अवो, सरकार सरकारच असते ना? आधी तं एकच होतं!"

"आधी होतं. आता तुमच्या माहेरचं सरकार वेगळं, सासरचं वेगळं."

मग त्यानं विचारलं, गाडी दोन चाकी लिहू की तीन चाकी? दोनाचा टॅक्स वेगळा, डब्यासकट वेगळा. हे म्हणाले, "डबा काढला तं मी पडतो. तीन लिहा." आम्ही डब्यासकट भरला. टॅक्सचा छापील कागद मिळाला, आणि फाटकाजवळच्या पेंटरनं पाटीवर महाराष्ट्राचा नंबर घातला. रंग ओला होता म्हणून मी रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाडीवाल्यांना ओरडून सांगत होते, बाजूनं चला, धूळ उडवू नका.

सोमवारी मीही डब्यात बसून गेले. म्हटलं, बघू दे मलाही. गाडीवाटेवर दोनदा चाक रुतलं, दोनदा निघालं. शाळेच्या पायरीशी गाडी थांबली तेव्हा घंटा व्हायची होती. हेडमास्तर म्हातारे, दारात उभे. "बदलीचे मास्तर तुमीच काय? आमाले कळवलं होतं, येनार नाहीत म्हनून."

"आलो ना," हे म्हणाले आणि काठी टेकत आत जाऊन हजेरीच्या पुस्तकात सही केली. इतकी मोठी केली की दोन रकाने खाल्ले.

घंटा झाली तर वर्गात एक मूल नाही. सगळी बाहेर, डब्यात आठ, टाकीवर दोन, उरलेली रांग लावून. हेडमास्तर छडी शोधायला लागले. हे म्हणाले, "राहू द्या गुरुजी," आणि हजेरीपट घेऊन पायरीवरच बसले. एकेकाचं नाव घेत गेले, आणि डब्यातून आवाज येत गेला, "हाजर!"