मोकळा रकाना

सन दोन हजार बावीस. मला बहात्तर पुरी होऊन त्र्याहत्तरावं लागलं होतं, आणि आप्रेटर आक्काच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. दोन मळणी यंत्रात गेलेली, माहेरी असताना. नवं माणूस आधी त्या हाताकडं बघायचं आणि मग नजर चोरायचं. आक्कानं तो हात पदराखाली कधी घेतला नाही. उलट तोच पुढं करायची आणि म्हणायची, "बघून घ्या एकदाच. मग कामाचं बोला."

लोहाऱ्याला स्टँडच्या मागं आमच्या शेळीपालक संस्थेची एक खोली होती. तिथं आक्का कॉम्प्युटरवर बसायची. चाळीसएक वर्षांची असंल. माहेर कर्नाटकाच्या शिवेला लागून, त्यामुळं रागावली की कानडी. माणसावर नव्हे, यंत्रावर. ते मधेच अडलं की त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणायची, "निल्लप्पा, निल्लू!" म्हणजे थांब रे बाबा, थांब. थांबलेल्यालाच थांब कशाला म्हणती, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "मामा, ते थांबलं न्हाय. ते रुसलंय. रुसलेल्याला थांब म्हटलं की ते चालतंय. तुमच्यासारखं."

मी दुसरी पास. तिसरीला गेलो तो शेळ्यांमागंच गेलो. पण शेळीतलं मला कुणी शिकवावं असं माणूस आमच्या पाच गावांत नाही, हे मी आजही सांगतो. आपली उस्मानाबादी शेळी, काळीभोर, लांब कानाची. कुठली कुणाची, तिची आय कोण, आयची आय कोण, कुणाला जुळी झाली, सगळं मला तोंडपाठ. म्हणून संस्थेनं शेळ्यांच्या कानात पिवळे बिल्ले मारून नंबर लिहायचं काढलं तेव्हा मला हसू आलं. पहिल्याच दिवशी जाऊन बसलो आणि म्हणालो, "आक्का, तुझ्या डब्याला विचार, आमच्या चांदीची आजी कोण?"

आक्कानं दोन बटणं दाबली. "चांदीची आय मोरी. मोरीचं फुडं लिहिलेलं न्हाय. तुमी सांगितलंच न्हाय तर ते कुठनं सांगंल?"

"मग शानं कोण, मी का ते?"

"तुमीच. पण तुमी गेल्यावर?"

असं तोंडावर बोलायची. मला राग आला, आणि मोरीची आय, तिची आय, सगळं बसून लिहून दिलं. म्हणजे मी सांगितलं, तिनं लिहिलं. दिवस मावळला. शेवटची जीप तिनंच हात करून थांबवली.

तिचं काम असं. पंधरा-सोळा गावं, गावाला एक पान. पानावर घरवार शेळ्या, एका ओळीत एक. महिन्याला ही सगळी पानं उचलून एका मोठ्या पानावर मांडायची, मग ती यादी वर जनावरांच्या दवाखान्यात जायची. दुसरा माणूस एकेक रकाना उचलून डकवीत बसला असता. तीन बोटांनी ते कसं व्हायचं? म्हणून आक्कानं ते काम बटणाला शिकवलं होतं. त्याला मॅक्रो म्हणतात. तिनंच मला समजावलं, "मामा, म्या एकदा हात फिरवून दाखवते, ते ध्यानात ठेवतंय. मग एक बटण दाबलं की तेच काम सोळा गावाला करतंय."

मी म्हणालो, "म्हंजे आमच्या पानावरनं शेळ्या उचलून न्हेल्या की आमचं पान रिकामं?"

"न्हाय वो. नक्कल हाय ती. शेळी तिथंच ऱ्हाती, सावली तेवढी दुसरीकडं पडती."

हे तिचं वाक्य मी गावात दहा जणांना माझं म्हणून सांगितलं.

दुसरं एक वाक्य होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. "यंत्र आंधळं हाय मामा. चाचपडत एकेक ओळ खाली जातंय. बिल्ल्याचा नंबर लागला की फुडं. मोकळा रकाना लागला की त्याला वाटतंय, संपलं गाव. तिथनंच माघारी फिरतंय."

आता मोकळ्या रकान्याची गोष्ट. आमच्या घराण्यात दर पिढीला एक बोकड देवीला सोडतात. तो कापायचा नाही, विकायचा नाही, त्याच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. तो गावभर हिंडतो, कुणाच्याही दारात खातो. अर्ध्या गावाची करडं त्याचीच. बिल्ला मारणारी माणसं आली तेव्हा मी काठी आडवी धरली. कान टोचू दिला नाही. पण यादीतनं त्याला गाळूही दिला नाही. एवढ्या करडांचा बाप, आणि त्याला यादीत जागा नाही? आक्काला म्हणालो, "नाव लिही, देवीचा बोकड. नंबराची जागा मोकळी ठेव."

"मोकळी ठेवली तर बटण अडतंय मामा. एखादा शून्य तरी टाकू द्या."

"देवीच्या बोकडाला शून्य? तुझं बटण अडू दे न्हायतर फुटू दे."

ती म्हणाली, "बरं. ठेवते मोकळी."

वर्षभर कुठं काही अडलं नाही. मी आपला मिशीला पीळ देत फिरलो, की बघा, यंत्राला वाकवलं.

तसा मी दर बाजारी तिच्याकडं टेकायचो. घरात माझ्याशी कुणी शेळ्यांचं बोलायचं नाही, पोरं पुण्याकडं. आक्का भाकरी सोडली की अर्धी माझ्यापुढं ठेवायची, वर शेंगाचटणी. नको म्हटलं तर म्हणायची, "नक्कल हाय, खावा. माझी तिथंच ऱ्हाती." नवरा नव्हता तिला. सोडून गेला की वारला, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. म्हातारी आय होती घरी, आंथरुणाला खिळलेली. या खोलीवरच दोघींचं चाललं होतं, एवढं मला ठाऊक होतं.

तो दिवस बाजाराचा होता. उन्हाळा सरत आलेला. बुळकांडीची, शेळ्यांच्या साथीच्या रोगाची, लस यायची होती, आणि यादी जेवढी तेवढीच लस बर्फाच्या डब्यातनं यायची. खोलीत चार-पाच माणसं बसलेली. मी आक्काच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. आमच्या गावाचं पान तिनं उघडलं. मला अक्षरं लावायला वेळ लागतो, पण माझी ओळ मला लांबूनही कळायची, कारण तेवढीच एक मोकळी. त्या दिवशी बघतो, तर तिथं टिंब. काळं, माशी बसल्यासारखं.

"हे काय?"

"काय न्हाय मामा. बटण दाबायच्या आधी ठेवते, दाबून झालं की पुसते. वर्षभर तसंच करते."

म्हणजे यंत्र वाकलं नव्हतं. वर्षभर आक्का माझ्या मागं माझी मर्जी सांभाळत होती, आणि मी मिशीला पीळ देत होतो. तेही चार माणसांत कळलं. एकजण फिदकन हसला. माझं डोकं फिरलं.

"पूस."

"दाबू द्या आधी. एक घटका."

"आत्ता पूस. माझ्या डोळ्यांदेखत."

तिनं पुसलं. तिथं तरी मी गप बसायचं. नाही बसलो. म्हणालो, "दोन बोटं गेली, तरी अक्कल आली न्हाय तुला."

आक्कानं तो हात पदराखाली घेतला. पहिल्यांदाच. डाव्या हातानं बटण दाबलं आणि म्हणाली, "झालं मामा. पुसलं बी, आन दाबलं बी."

मी काठी आपटत बाहेर आलो.

लस आली. टोचणारा माणूस यादी घेऊन घरोघर फिरला. आमच्या गावाचं पान मारुतीपासून सुरू होतं आणि उतारानं खाली ओढ्याकडं जातं. माझं घर वरच्या आळीचं शेवटचं, आणि त्यात बोकडाची ओळ शेवटची. माझ्या सगळ्या शेळ्यांना सुया झाल्या, बोकडाला मी करू दिली नाही. मग तो माणूस यादीची घडी घालून निघाला. ओढ्याकडची अकरा घरं. तिथल्या बायका शेळ्या धरून दारात उभ्या होत्या. तो म्हणाला, "तुमची नावं न्हायती. लस बी सरली. फुडच्या खेपंला बघू."

मी वट्ट्यावर बसून ऐकत होतो. मला तेव्हाच कळलं. आंधळं यंत्र माझ्या दारापर्यंत आलं, त्याला वाटलं गाव संपलं, आणि ते माघारी फिरलं. तेव्हाच जीप धरून आक्काकडं गेलो असतो तर दुरुस्त झालं असतं. पण जाऊन म्हणायचं काय? माझं चुकलं म्हणायचं? मनाशी म्हणालो, पुढची खेप येतीच आहे.

पुढच्या खेपेच्या आधी बुळकांडी आली. नाकातनं शेंबूड, तोंडात फोड, जुलाब. ओढ्याकडची एकेक दावण मोकळी झाली. शेवटच्या घरच्या सखूबाईच्या सहातल्या चार गेल्या, त्यातल्या दोन गाभण. एकटी बाई, शेळ्या हाच तिचा संसार. ती एकेक शेळी पोत्यावर ओढत ओढ्यापलीकडं पुरायला न्यायची, आणि माझ्या दारावरनंच न्यायची. वरच्या आळीत एक शेळी शिंकली नाही. आणि देवीचा बोकड, सुई न टोचलेला, दोन दिवस कुंथला आणि उठून बसला. लोक माझ्या पाया पडायला लागले. "मामाच्या बोकडाला देवीनं राखलं." मी मान हलवायचो.

संस्थेची बैठक झाली. माणसं चिडलेली. अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "यादी अर्धी कशी गेली? कुणाची चूक?"

आक्का दाराला टेकून उभी होती. हात पदराखालीच. "बटण म्या दाबलं. मोकळ्या रकान्यावर अडलं. खालच्या ओळी आल्या का, हे बघायचं काम माझं. त्या दिवशी म्या बघितलं न्हाय."

मागनं कुणीतरी ओरडलं, "पर रकाना मोकळा का होता?"

मी पहिल्या रांगेत होतो. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. माझं नाव आता येणार, हे मी धरूनच चाललो होतो. आक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ऱ्हायला मोकळा," ती म्हणाली.

तिला काढून टाकलं. चार-पाच माणसं होती त्या दिवशी खोलीत, पण ती दुसऱ्या गावांची. ज्याचं त्याला पडलेलं, माझं भांडण त्यांच्या ध्यानातही नसंल. जाणती दोघंच. एक बोलली नाही ती तिच्या मोठेपणानं. दुसरा बोलला नाही तो कशानं, ते मी इथं लिहीत नाही. वाचणाऱ्याला कळतंय.

आठ दिवसांनी लोहाऱ्याच्या स्टँडवर ती दिसली. दोन पिशव्या, आणि बाकड्यावर लवंडलेली म्हातारी आय. माहेरी चालली होती. मी चहाच्या हॉटेलात तोंड फिरवून बसलो. तीच आली.

"मामा, जाते."

"हं."

"बोकड बरा हाय का?"

"बरा हाय."

एवढंच. एसटी लागली. म्हातारीला चढवताना तिचा उजवा हात पदराबाहेर आला आणि तिनं तो परत आत घेतला. मी चहा तसाच ठेवून उठलो, तोवर गाडी फाट्याला गेली होती. नंतर तिचा फोन कुणाकडनं लावून बघितला. लागत नाही.

सहा महिने मी संस्थेची पायरी चढलो नाही. मग चांदीला जुळी झाली, नोंद करायला जावं लागलं. नवा आप्रेटर आमच्या गावाचं पान उघडून म्हणाला, "मामा, तुमच्याच ओळीवर आधीच्या बाईनं चिठ्ठी लावून ठेवलीया. बाण नेला की उघडती, म्या अजून वाचली न्हाय. ह्यो बोकड कुठला वो?"

मी म्हणालो, "सरक. मीच वाचतो."

पिवळ्या चौकटीत बारीक अक्षर होतं. एकेक अक्षर लावत वाचलं. 'हा रकाना मोकळाच ठेवावा. बटण दाबण्याआधी टिंब द्यावं, झाल्यावर आठवणीनं पुसावं. मामांना सांगू नये, त्यांना वाईट वाटतं. खाली अजून अकरा घरं आहेत.'

चिठ्ठीखाली तारीख होती. तिला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची, काम सोपवायला आली असंल तेव्हाची.

नव्या आप्रेटरनं विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "बोकडाचं हाय." आणि करडांची नोंद न करताच निघालो. घरी आलो, जेवलो नाही. वट्ट्यावरनं ओढ्याकडची घरं मोजली. अकराच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, फेटा बांधला आणि उतारानं खाली थेट शेवटच्या घरी गेलो. सखूबाई दार झाडत होती. मला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला.

"मामा? तुमी हिकडं?"

"आक्कानं बटण दाबलं ते बरोबर दाबलं हुतं," मी म्हणालो. "रकाना म्या मोकळा करायला लावला. माझ्या बोकडापायी. तुझ्या चार शेळ्या माझ्यामुळं गेल्या."

तिच्या हातातला झाडू तसाच राहिला. मोकळ्या दावणीकडं तिनं बघितलं, मग माझ्याकडं. आत जाऊन घोंगडं आणलं आणि उंबऱ्याशी टाकलं.

"बसा," म्हणाली.

"बसत न्हाय," मी म्हणालो. "अजून धा घरं हायती."