अण्णांचं हिरवंगार लॉन

माझ्या फजितीचे बाकीचे किस्से माझा नवरा, सुहास, सांगतो. हा मात्र मीच सांगितलेला बरा, कारण तो फार रंगवतो. हसा खुशाल, फक्त चहा सांडू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुहासला बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून बंगलोरला आलो. जयनगरात घर मिळालं. खाली आम्ही, वर घरमालक अण्णा. मराठीच, पण किती पिढ्या तिथे गेल्या कोण जाणे. आणि पुढे अण्णांचं लॉन! आधीच्या भाडेकरूंनी त्यावर एकदा स्कूटर उभी केली, तर महिन्याभरात त्यांना घर सोडावं लागलं होतं.

फेब्रुवारीत अण्णा आठ दिवसांसाठी म्हैसूरला लेकीकडे निघाले. "लॉनकडे स्वल्प लक्ष ठेवा हं, अक्का," एवढंच म्हणाले. मी मान डोलावली. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत वाढलेली मी, तुळशीपलीकडे मला काय कळणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडले ती दुपारी भाजी घेऊन आले आणि फाटकातच थबकले. लॉन नव्हतं! सगळीकडे लाल माती, शेणाचा वास आणि मधूनमधून वाळके खुंट. कुणीतरी गवत खरवडून नेलं होतं. बंगलोरात गवत विकत मिळतं हे मी ऐकून होते. विकत मिळतं म्हणजे चोरीलाही जात असणार, नाही का?

नेमका संध्याकाळी अण्णांचा फोन. लॉन कसं आहे?

"हिरवंगार आहे अण्णा."

पलीकडून हळूच, "अजून हिरवं आहे?"

"हो, पूर्वीपेक्षा जास्तच."

"सरी, ठीक आहे. मी उद्याच येतो."

झालं! अण्णांना कुणीतरी चोरीची बातमी दिली, मी समजले. सुहास म्हणाला, खरं सांगून टाक. आणि मग राहायचं कुठे, याच्या कारखान्याच्या फाटकावर? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी होसूर रोडवरच्या नर्सरीतून टेम्पोभर गवताचे गालिचे आणले आणि चारच्या आत ती लाल माती पार झाकून टाकली.

पाचला अण्णा आले. लॉन बघितलं, चहालाही थांबले नाहीत. थेट मागच्या गल्लीतून माळ्याला, मुनियप्पाला, धरून आणलं आणि कानडीत झापायला लागले. मुनियप्पा बिचारा गळ्याची शपथ घेत होता. शेवटी तो खाली बसला आणि लॉनचा एक कोपरा सतरंजीसारखा उचलला.

खाली लाल माती. मातीत तेच वाळके खुंट, नव्या गवताखाली दडपलेले.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं कबूल केलं, रडत रडत. तेव्हा कळलं की थंडी सरली की लॉन मुळापर्यंत कापायचं आणि वर लाल माती, शेणखत पसरायचं, म्हणजे ते दाट फुटतं. दरवर्षीचं काम. मी हिरवंगार म्हणाले, म्हणून अण्णांना वाटलं मुनियप्पाने दांडी मारली.

आता घर गेलंच, म्हणून मी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली. अण्णांनी वाकून ते खुंट चाचपले. मग म्हणाले, "अक्का, पुढच्या फेब्रुवारीत मी कुठे जाणार नाही. तुम्ही जा."

घर राहिलं. पण तिथे होतो तोवर दर फेब्रुवारीत मी पुण्याला माहेरी. तिकीट अण्णा स्वतः काढून आणायचे, आणि गाडी सुटेपर्यंत स्टेशनवरून हलायचे नाहीत.