बिनधुराची गाडी आणि दारातला लिंब

पर्यावरणाची काळजी करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण खुद्द पर्यावरणानं ज्याची धास्ती घ्यावी असा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हे यजमान. धारूरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, आणि निवृत्तीनंतर विद्यार्थी उरले नाहीत म्हणून तोच भूगोल ते अक्काला, शेजाऱ्यांना आणि मी बीडहून गेलो की मला शिकवू लागले. काही वाया गेलेलं त्यांना सोसतच नाही. आंघोळ ते मोठ्या घमेल्यात बसून करतात आणि ते पाणी दारातल्या लिंबाला, म्हणजे कडुलिंबाला, घालतात. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे अक्कानं किराण्याची यादी करायची, आणि किराणा आला की त्याच कागदात दाजींची सुपारी बांधायची, असा त्या घरचा कायदा. एकदा हात धुताना मी नळ जरा मोठा सोडला, तर दाजी पंचा घेऊन मागे हजर. "पाव्हणं, हात धुताय का गंगा आणताय?"

त्यांच्या जुन्या स्कूटरवर बसण्याचा योग शत्रूलाही येऊ नये. घाटाचा उतार लागला की दाजी इंजिन बंद करत आणि पायथ्यापर्यंत ती नुसती घरंगळू देत. त्यात पेट्रोल वाचायचं, धूर वाचायचा; मागे बसलेला वाचेल की नाही याची त्यांना फिकीर नसे. एका वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा मी डोळे मिटून लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोललो होतो. खाली पोचल्यावर दाजी शांतपणे म्हणाले, "घाबरता कावून? उतार देवानं फुकट दिलाय, त्यो वापरायचा न्हाई व्हय?"

अशा माणसानं साठी उलटल्यावर एकाएकी विजेवर चालणारी चारचाकी घेतली. धूर नाही, आवाज नाही. पृथ्वीवरचा आपला भार उतरला, असं त्यांनी पेढे देताना जाहीर केलं. अक्का तेवढी म्हणाली, "स्कूटर चांगली चालती की अजून. आन् ही नवी गाडी काय झाडाला लागली व्हती? कुठंतरी लोखंड तापवलंच आसंल की." यावर तिला दोन दिवस भूगोल ऐकावा लागला.

पण खरी गंमत पुढेच झाली. पूर्वी कोथिंबिरीच्या जुडीसाठी दाजी पायी बाजारात जायचे, ते आता गाडीनं जाऊ लागले. धूरच नाही तर पाप कसलं! आधी चतुर्थीला लिंबागणेश व्हायचं, मग चतुर्थी नसतानाही होऊ लागलं. ज्यांच्याशी नातं काय हे दोन्हीकडचे विसरले होते, अशा पाहुण्यांच्या दारात ती गाडी आवाज न करता उभी राहू लागली. अक्का म्हणायची, "पहिलं गाडी न्हवती तवा पोट आत व्हतं. आता गाडी घरात आन् पोट भाईर."

एकदा चकलांब्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याला ताप आल्याचं कळलं. लगेच दाजींनी बीडला येऊन मला उचललं आणि गाडी तिकडे हाकली. पोचलो तर तो तापकरी शेतात पाणी देत होता. गाडीची बॅटरी मात्र तळाला गेलेली. गोठ्यातल्या बोर्डाला वायर लावली आणि नेमकी लाईट गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येईना. गुरुजींची तगमग बघून त्या भाबड्या विद्यार्थ्यानं गावातल्या मंडपवाल्याचा डिझेल जनरेटर आणला. त्यानं असा काळा धूर ओकायला सुरुवात केली की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. दाजी नाकाला रुमाल लावून दुसरीकडे तोंड करून उभे होते. तेवढ्यात मेंढरं घेऊन चाललेले एक म्हातारबाबा थांबले, धूर बघितला, गाडी बघितली आणि म्हणाले, "गुरुजी, धूर हितं आमच्यात सोडायचा आन् तुमी तिकडं बिनधुराचं जायचं, आसं हाय व्हय हे?"

दाजींनी नाकावरचा रुमाल काढून खिशात घातला. परतताना बीड आलं. मला उतरवताना म्हणाले, "पाव्हणं, म्हातारं बरुबर बोललं. घरची वीज बी कुठंतरी कोळसा जाळूनच येती की. आता गाडी सूर्यावर चालवायची."

झालं! सौरपॅनल बसवणारा माणूस आला. त्यानं गच्ची मोजली, आभाळ बघितलं आणि म्हणाला, "पॅनल बसतील सर, पण दुपारनंतर ह्या लिंबाची सावली पडती. झाड काढावं लागंल."

हा लिंब अक्का लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं लावलेला, भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढलेला. तिच्या शेवया, तिचे पापड, गल्लीतल्या बायकांची सगळी सुखदुःखं त्याच्याच सावलीत वाळली. मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. पण दाजींनी दोन दिवस विचार करून झाड काढायचं ठरवलं. अक्कानं फक्त आपली बाज लिंबाखालून ओढून भिंतीच्या कडेला टाकली. ते बघून दाजींचा मला मनापासून राग आला.

झाड तोडणारा गडी आला तेव्हा मी तिथंच होतो. मोठा नेमाचा माणूस. म्हणाला, "आज न्हाई तोडायचा. आदल्या दिशी झाडापुढं नारळ ठिवून कावून तोडताय ते त्याला सांगावं लागतंय. मालकानंच सांगायचं. त्याबिगर मी कुऱ्हाड लावत न्हाई."

दाजी हसले. समजावून सांगणं हा तर त्यांचा जन्माचा धंदा! टोपी नीट करून त्यांनी लिंबाच्या बुंध्याशी नारळ ठेवला, हात मागे बांधले, घसा खाकरला आणि वर्गातल्या त्याच खणखणीत आवाजात सुरू झाले.

"हे बघ. आज जगापुढं लई मोठं संकट हाय. हवा तापायलीय, पाऊसपाणी बिघडायलंय. म्हणून आपण समद्यांनी झाडं..."

आणि थांबले. जन्मभर हे वाक्य त्यांनी एकाच शेवटानं संपवलं होतं; जीभ सवयीनं तिकडेच निघाली होती. पुन्हा खाकरले. "म्हणून आपण झाडं..." पुन्हा तिथंच अडले. गडी बघतोय, मी बघतोय, भिंतीकडून अक्का बघतेय. दाजींनी टोपी काढून हातात घेतली, बराच वेळ वर फांद्यांकडे बघितलं आणि गड्याला म्हणाले, "जावा तुमी. त्याला पटलं न्हाई."

मग ते स्वतः गेले आणि अक्काची बाज ओढत पुन्हा लिंबाखाली घेऊन आले. दाजींवरचा माझा राग कुठल्या कुठे गेला.

पॅनल गच्चीच्या सकाळच्या उन्हाच्या बाजूला बसतील तेवढेच बसले. त्यांच्यानं गाडी अर्धीच भरते, म्हणून कोथिंबीर परत पायी येऊ लागली. ह्या गाडीनं पर्यावरणाचं खरंच काही भलं झालं का, असं मी एकदा विचारलं. दाजी म्हणाले, "ते मला अजून नक्की कळलं न्हाई, पाव्हणं. मी परत चालायलोय, एवढं खरं." नारळही फुकट गेला नाही. खोबऱ्याची चटणी झाली, आणि करवंटी दाजींनी पाखरांच्या पाण्यासाठी लिंबाला टांगली.

आता त्यांचे गुडघे दुखतात, हात वर पुरत नाही. मी गेलो की करवंटीत पाणी घालायला स्टुलावर मलाच चढवतात. खाली अक्काच्या बाजेवर बसून, डोळ्यांवर हात धरून बजावतात, "पाव्हणं, सांडू नका." मी दर वेळी मुद्दाम थोडं सांडतो. दाजी खेकसले की जिवाला बरं वाटतं.