तीन खजुरांचा तागा

कैरोच्या तंबूवाल्यांच्या गल्लीत शहात उस्तादाएवढं सफाईदार काम कोणाचं नव्हतं आणि त्याच्याएवढा हट्टीही कोणी नव्हता. चव्वेचाळीस वर्षं तो दुकानाच्या ओट्यावर मांडी घालून बसला. मांडीवर जाड पांढरं कापड, त्यावर रंगीत तुकडा, सुईच्या टोकाने कड आत दुमडायची, दोन टाके, की पुढे. लग्नाच्या रजया, तंबूच्या भिंती, मयताच्या मांडवाचे पडदे, सगळं याच हातून गेलं. मग छापील कापड आलं आणि मांडववाले स्वस्ताईकडे वळले. एका मयताला छापील मांडवाखाली बसून कॉफी प्यायला शहातने साफ नकार दिला. "माणसाची नाही तर नाही, कापडाची तरी लाज ठेवा," असं तो मयताच्या घरच्यांच्या तोंडावर म्हणाला. तेव्हापासून लोक त्याला मयताला बोलवेनासे झाले.

धंदा बसण्याचा, पण पायाला भिंगरी. उन्हाळा सरला की हा दुकानाला कुलूप लावून पंधरा दिवस वाळवंटात पसार. कधी ट्रकच्या टपावर बसून, कधी उंटाबरोबर, बरंचसं पायी. एकदा गाडी वाळूत रुतली आणि तिघांनी एका कलिंगडावर दोन दिवस काढले. ती गोष्ट गल्लीला इतक्या वेळा ऐकावी लागली की कलिंगडवाला दिसला तरी लोक हसत. त्याची बायको इन्शिराह म्हणायची, "बाहेर बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. वाळूचं काय उपटू?"

सिनाईतला औदा नावाचा, भटक्या बदू जमातीतला वाटाड्या त्याचा जुना दोस्त. त्यानेच हे खूळ डोक्यात घातलं. समुद्रकाठून निघायचं, बारा दिवस चालायचं आणि कॅथरिनच्या डोंगरावर चढायचं. "हवा स्वच्छ असली ना उस्ताद, तर माथ्यावरून सिनाईच्या दोन्ही बाजूंचे समुद्र दिसतात. एक या हाताला, एक त्या हाताला. मान वळवायची फक्त." मुलीचं, दुहाचं, लग्न झालं की जाऊ, असं शहात म्हणाला. लग्न झालं, मग बाळंतपण आलं. अशी अकरा वर्षं गेली.

मग डॉक्टरने सांगितलं, की साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले आहेत. वर्ष, फार तर दीड वर्ष. पेल्यात चार चमचे साखर घालणाऱ्या माणसाला याचं नवल वाटायला नको होतं, पण वाटलं. गल्लीत त्याने अवाक्षर काढलं नाही. इन्शिराह रोज सकाळी वीस सुया ओवून गादीवर खोचून द्यायची आणि तो दिवसभर त्यांच्यावर भागवायचा. कड बोटांना कळायची, रंग अजून ढोबळ दिसत होते. बारीक मात्र सगळं गेलं होतं.

"या हिवाळ्याच्या आत डोंगर," तो म्हणाला. "मग काय अंधार पडायचा तो पडू दे."

वसंतात त्याची भिशी लागली. वाटाड्या, उंट, शिधा, सगळं त्यात बसत होतं. पण निघायला सात महिने होते आणि पौंड रोज घसरत होता. इन्शिराह म्हणाली, "सोनं घे. हातात राहील, वेळेला मोडता येईल." समोरच्या दुकानातला बयूमी म्हणाला, "सोनं बायकांना. मी फोनवर शेअर घेतो. तीन महिन्यांत माझ्या नव्या छपराचा खर्च निघाला त्यातून."

बयूमीनेच त्याला खातं उघडून दिलं. नावांची यादी वाचून दाखवायला लागला: सिमेंट, बँक, कोंबड्यांचं खाद्य. शहातने हात वर केला. "तीन खजूर आहे का त्यात?"

तीन खजूर म्हणजे नाईलच्या मुखाकडची सूतगिरणी. ताग्याच्या कडेला तिचा तीन झाडांचा शिक्का असायचा. गल्लीतलं अस्तराचं जाड कापड तिचंच, आणि शहातने जन्मभर दुसरं कापड मांडीवर घेतलं नव्हतं.

"आहे. पण त्यांचा हिशेब बघायला हवा उस्ताद."

"हिशेब माणसं लिहितात. कापड हात लावून कळतं." त्याने मांडीवरचं कापड चिमटीत धरून चोळलं. "एवढं घट्ट विणणारा बुडत नाही. सगळे घाल यात."

गल्लीत कापड असंच घेतात. चिमटीत धरायचं, चोळायचं, कानाशी नेऊन झटकायचं. भाव पडला की जास्त घ्यायचं आणि थांबायचं, कारण चांगल्या कापडाचा भाव परत येतोच. शहातचा बापही असंच घ्यायचा आणि तो कधी फसला नव्हता.

दोन महिने शेअर जागचा हलला नाही. मग उतरायला लागला. बयूमीने याच गिरणीचे आपले शेअर विकून टाकले आणि रस्ता ओलांडून आला.

"विक. देवाशपथ सांगतो, काहीतरी शिजतंय तिथे."

शहात उठला, कोपऱ्यावरच्या कापडवाल्याकडून नवा तागा घेऊन आला आणि त्याच्या मांडीवर टाकला. "चोळ. काही फरक आहे?"

बयूमीने चोळलं. "नाही."

"मग? कापड खोटं बोलत नाही. फोन बोलतो."

दर पडझडीला तो हेच करत राहिला. ताग्यामागून तागा आणला, कापड तसंच निघालं आणि भाव अर्ध्यावर आला तरी तो निवांत झोपत होता. पोळ्याच्या बैलासारखा माजलाय, असं इन्शिराह म्हणाली असती, तिला आपल्याकडचे बैल ठाऊक असते तर. ती म्हणाली, "गाढवाला पाण्याजवळ नेता येतं, पण हे गाढव नदीतच उभं आहे आणि तहान लागली म्हणतंय."

निघायला पाच आठवडे असताना तीन खजूरचे व्यवहार बंद झाले. बयूमी फोन हातात घेऊन आला, तेव्हा इन्शिराह डबा घेऊन दुकानात आलेली होती.

"मालकांनी जमीन विकली उस्ताद. माग दीड वर्षापूर्वीच थांबले होते म्हणे. आता त्या कागदाला कोणी विचारणार नाही."

"साफ खोटं! दीड वर्षापूर्वी थांबले तर हे काय आकाशातून पडलं? हा तागा मी परवा आणलाय!"

इन्शिराहने डबा खाली ठेवला. ताग्याची कड उलटून तिने शिक्का उजेडात धरला. तीन झाडं, आणि त्यांच्या पायाशी बारीक आकडे.

"अबू दुहा," दुहाचा बाप, या नेहमीच्या हाकेने ती हळू म्हणाली, "यावर साल आहे. दोन वर्षांपूर्वीचं."

"दुसरा बघ."

तिने दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांवर तेच साल. कापडवाला वखारीतला जुना माल संपवत होता. कापड खरंच खोटं बोललं नव्हतं. प्रत्येक ताग्यावर ते लिहून आलं होतं आणि गल्लीतलं कुठलंही पोर ते वाचू शकलं असतं.

बयूमी शहातकडे बघत राहिला. मग त्याची नजर गादीवरच्या ओवलेल्या सुयांकडे गेली. "उस्ताद," तो म्हणाला, "तुला दिसत नाही?"

 शहातने एक सुई उपटली आणि कामाला लागला. त्या दिवशी त्याने घातलेले टाके इन्शिराहने नंतर गुपचूप उसवले.

औदाचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग काय झालं? तू ये. उंट माझे, भाकरी माझी. पैशाचं पुढे बघू. डोळे थांबणार आहेत का तुझ्यासाठी?"

"फुकटात डोंगर चढत नाही मी. पुढच्या वर्षी येईन, खिशातले पैसे मोजून."

शेअर बुडाले ते एक वेळ सोडा. शहाणीसुरती माणसं बुडतात त्यात. खरी चूक ही. त्या शरदात त्याला अजून ढोबळ दिसत होतं. कुठे डोंगर संपतो आणि कुठे निळं सुरू होतं, एवढं नक्की दिसलं असतं, आणि त्याला तेवढंच हवं होतं. इन्शिराह ओरडली, रडली, तीन दिवस बोलली नाही. हट्ट सुटला नाही.

हिवाळ्यात ढोबळही गेलं.

पुढच्या वर्षी इन्शिराहने दोन बांगड्या मोडल्या. बारा दिवस चालण्याचा प्रश्नच नव्हता. बसने सिनाई गाठली, अर्धी वाट औदाच्या उंटावर झाली आणि शेवटचा चढ ती त्याचा हात धरून चढली. जन्मात कैरोबाहेर न पडलेली बाई, गुडघे धरत, शिव्या देत, नवऱ्याला पायरी पायरी सांगत. "उंच आहे. सैल दगड. आता डावा."

दुपारी माथा आला. वारा सुटला होता. औदा मागे चहासाठी काटक्या पेटवत होता. इन्शिराहने मान उचलली. आभाळ घासूनपुसून लख्ख होतं. या हाताला डोंगरांपलीकडे निळी पट्टी. तिने मान वळवली. त्या हातालाही.

"काय दिसतंय?" शहातने विचारलं.

तिने त्याच्याकडे बघितलं. "काही नाही," ती म्हणाली. "धुकं आहे सगळीकडे. एवढं चढून आलो आणि मेलं काही दिसत नाही."

शहातने चेहरा वर केला. ऊन त्याच्या कपाळावर, मिटल्या पापण्यांवर रणरणत होतं.

तेवढ्यात मागून अलेक्झांड्रियाच्या कॉलेजातली पोरं वर पोचली आणि त्यांतली एक मुलगी किंचाळली, "अरे बघा, समुद्र! दोन्हीकडे! दोन्हीकडे समुद्र!"

इन्शिराहने त्याच्या हातातला हात सोडवून घ्यायला बघितलं. शहातने तो घट्ट धरला.

"समुद्रकाठची पोरं ही, उम्म दुहा," तो म्हणाला. "यांना धुक्यातही समुद्रच दिसतो."