ओढ्याकाठचा माग

आप्पांनी वडगावातले दोन्ही यंत्रमाग विकले, त्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांना माझ्याकडे गुंजीला घेऊन आले. मी इथल्या शाळेत शिकवते आणि स्टेशनजवळ दोन खोल्या घेऊन राहते. आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मागाचा खडखडाट नाही आणि आईही नाही, असं ते घर त्यांना खायला उठायचं. इथं आल्यावरही पहिले चार दिवस ते खुर्चीत नुसते बसून राहिले. पाचव्या दिवशी शाळेला निघताना मी म्हटलं, रानाकडं जरा पाय मोकळे करून या.

दुपारी शेजारणीने निरोप पाठवला, आप्पा जेवायला आलेच नाहीत. मधल्या सुट्टीत मी धावतपळत निघाले. गावाबाहेरच्या ओढ्याकाठी ते सापडले. दोन झाडांच्या बुंध्यांना त्यांनी आडव्या काठ्या बांधल्या होत्या, एक वर, एक खाली. मध्ये रानवेली उभ्या ताणल्या होत्या, मागावर ताणा लावतात तशा. त्यांतून भाताचा पेंढा एक वर, एक खाली असा ओवणं चाललं होतं. हातभर विणून झालं होतं. कडेला तांबूस पानांचे देठ घालून काठसुद्धा काढला होता. मी रागावणार होते, पण त्यांची बोटं बघत तिथेच उभी राहिले. यंत्रमाग यायच्या आधी, मी लहान असताना, हातमागावर ती अशीच चालायची.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी आम्ही दोघं गेलो, तर अर्धं विणकाम गायब. पलीकडे गावातली एक बाई गुरं घेऊन उभी होती. आपल्या गाईनं खाल्लं म्हणून ती बिचारी पुन्हा पुन्हा चुकलं म्हणत होती. आप्पा एकदम हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"पेंढा टांगल्यावर गाय खाणारच की," ते म्हणाले. "चूक माझीच हाय, आक्का."

त्या बाईने मग उरलेलं विणकाम हाताने चाचपून पाहिलं. ही वेल वाळली की मोडते, असं म्हणून ती रानात शिरली आणि तिच्या घरी मोळ्या बांधायला वापरतात ती चिवट वेल घेऊन आली. तेव्हापासून रोज ती गुरं सोडून दगडावर बसायची आणि आप्पा विणायचे. कुठलं पान लाल राहतं, कुठलं दोन दिवसांत काळं पडतं, हे ती सांगायची. जन्मभर रंगवलेलं सूत विकत आणणारे आप्पा ते मन लावून ऐकायचे.

तीन आठवड्यांत माझ्या उंचीचं लुगडं झालं. अंग नेच्याच्या काळ्या दांड्यांचं, काठ लाल पानांचे, पदराला पांढऱ्या गवताचे तुरे. खानापूरहून माझ्या ओळखीच्या शिक्षिका मुद्दाम बघायला आल्या. हे उतरवून शाळेच्या व्हरांड्यात लावू, असं आम्हा शिक्षिकांचं ठरलंच होतं. मी सुताराशी बोलूनही आले.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"आजवर विणलेलं सगळं मागावरनं काढून दुसऱ्याच्या हातात दिलं गं," ते म्हणाले. "हे एक मागावरच ऱ्हाऊ दे."

मला थोडं वाईट वाटलं. सुताराला नको म्हणून सांगायला गेले, तेव्हाही मी मनातून नाराजच होते. आप्पा त्याच आठवड्यात वडगावला परतले. मी अधूनमधून ओढ्यावर जायची. आधी तुरे उडून गेले, मग काठ सुटले. एका पक्ष्याला पदरातलं गवत ओढून नेताना पाहिलं. पावसाळा संपला तेव्हा झाडांवर दोन काठ्याच राहिल्या होत्या. आप्पांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी पक्षी कुठला होता एवढंच विचारलं.

पुढच्या थंडीत मी न बोलावताच ते आले. यंदा तिसरं वर्ष. आता माग दोन आहेत, कारण ती बाईही विणायला बसते. तिचा काठ जरा वाकडा जातो. घरच्या मागावर एक धागा चुकला तरी आप्पा आम्हाला उसवायला लावायचे. तिला मात्र ते काही म्हणत नाहीत. मी एकदा हळूच विचारलं, तर म्हणाले, "लई झ्याक दिसतंय की."