मनोहररावांची ट्रॉली आणि सागाचा बैल

आमच्या लेआउटमधले, म्हणजे कॉलनीतले, मनोहरराव कोराडीच्या वीज केंद्रातून सेफ्टी सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. त्यांचे हेल्मेट मात्र अजून नोकरीत आहे. पंखा पुसायचा असला तरी ते हेल्मेट घालतात आणि बायकोला, गोपिकाला, स्टूल धरायला लावतात.

दोन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या रिसॉर्टची गाडी त्यांनी विकत घेतली. पुढे दोन सीट, मागे छोटा हौदा, टायर ट्रॅक्टरच्या पिल्लाचे वाटावेत असे. संत्र्याच्या बागेत खत वाहायला म्हणून घेतलेली ही गाडी लेआउटमध्येच जास्त फिरते. कुणाची कुंडी शेजारी न्यायची असली तरी मनोहरराव गाडीमागे दोनचाकी ट्रॉली जोडतात, पिन लावतात, साखळी ओढून बघतात. तोवर कुंडीवाली स्वतःच कुंडी उचलून गेलेली असते.

यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लाकडी बैलांच्या पोळ्याला, गोपिकाच्या माहेरचा सागाचा बैल मैदानावर न्यायचा होता. बैल माणसाएवढा उंच. गेल्या वर्षी नेताना त्याचा कान तुटला होता.

"यंदा ओरखडा जरी आला ना, तर गाडी विकायची," गोपिकाने बजावले. "मंग मले काही सांगू नका."

मनोहरराव सकाळपासून बैल बांधत होते. बैलाच्या पायांच्या चाकांखाली विटा, चारी बाजूंनी पट्टे, शिंगांना स्पंज. बैल ट्रॉलीच्या चाकांच्या जरा पुढे ठेवला होता. "मागे वजन गेलं की ट्रॉली गाडीचं बूड उचलते," त्यांनी मला दोनदा समजावले.

निघताना गोपिका आणि तिच्या दोन भावजया ट्रॉलीत चढल्या आणि बैलाच्या मागे बसल्या.

"ट्रॉलीत माणूस बसत नसते!"

"आम्ही कुठं बसलो? बैल धरून राहिलो," मोठी भावजय कौशल्या म्हणाली.

"उतर वं, गोपिका."

"माह्या बाबाचा बैल आहे. मी सोडत नाही."

गाडी विकायला लागेल या धास्तीने मनोहररावांनी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि गाडी सुरू केली. ते गाडीत आणि मी बाजूने चालत, मुंगीच्या चालीने मैदानाच्या फाटकापर्यंत आलो. तिथे चढ होता. इंजिन ओरडू लागले, पण गाडी हलेना. तिची मागची चाके हवेत फिरत होती. ट्रॉली मागे कलली, पट्टे कुरकुरले आणि बैल आभाळाकडे बघू लागला.

"काहून थांबले?" मागून आवाज आला.

मनोहररावांना कारणे ठाऊक होती. तीन होती, आणि तिन्ही सासरची.

"मागे... वजन झालं थोडं."

"बैलाचं?"

"बैल पुढे आहे."

"म्हणजे आम्ही!" कौशल्या ओरडली. सगळे फाटक हसले. गोपिका हसली नाही. आता गाडी विकली गेलीच, असे मला वाटले. पण तिने कललेल्या बैलाकडे पाहिले आणि भावजयांना घेऊन उतरली. गाडी धप्पकन जमिनीवर आली. तिने बैलाभोवती फिरून शिंगे, कान, शेपूट तपासले. ओरखडा नव्हता.

"वजन पुढं पाहिजे ना?"

"हो."

"मंग उतरा तुम्ही. तुमचं काय वजन, चिपाड!"

ती स्टिअरिंगवर बसली. आयुष्यात फक्त स्कूटर चालवलेली बाई. मनोहरराव बाजूने धावत होते, "हळू! झटका नको! ब्रेक दाबू नको एकदम!" तिने बैल चढावरून अलगद मैदानात नेला.

गाडी विकली नाही. किल्ली तेवढी गोपिकाच्या कमरेला असते. ती आता बागेतही खत घेऊन जाते आणि मनोहरराव शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत असतात.