लाल चिठ्ठी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. राहायला चौथ्या मजल्यावर. सगळे त्याला मेकॅनिक म्हणत. रागात असली की बायकोसुद्धा.

बिघाड सापडला नाही की तो एक तार काढायचा, लिफ्ट चालवून बघायचा आणि काढलेल्या जागी लाल चिठ्ठी बांधायचा, म्हणजे तार परत जोडायची राहत नाही. इमारतींच्या सेक्रेटऱ्यांना तो ऐकवायचा, "लिफ्ट बंद पडत नाही म्हणून मला बंद करू नका. मी येतो म्हणून ती बंद पडत नाही."

छप्पन्नाव्या वर्षी पोटऱ्या दुखायला लागल्या. लिफ्टचं मशीन गच्चीवर, आणि बिघडलेल्या लिफ्टने वर जाता येत नाही. जिने चढवेनात तर धंदा आटोपलाच. त्याचा संशय कोलेस्टेरॉलच्या गोळीवर गेला. रिपोर्ट तर नॉर्मल आला होता. त्याने गोळी थांबवली; दोन आठवड्यांत पाय हलके झाले.

"डॉक्टरांना विचारलंत?" बायको म्हणाली.

"अगं, बघतोय नुसतं. महिन्याभराने करतो की सुरू."

"आठवणीने?"

"तीस वर्षांत एक तरी तार विसरलोय का?"

महिना झाला, नऊ महिने झाले. पाय इतके झकास चालत होते की आठवण यायला कारणच उरलं नाही.

मग एका सकाळी, कुणाच्या तरी गच्चीवर, त्याच्या हातातून पाना पडला. उचलायला गेला, तर उजवा हातच उठेना.

"गोळी चालू होती म्हणून रिपोर्ट नॉर्मल होता, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय दुखतात हे सांगायचंत. डोस कमी केला असता, दुसरी गोळी दिली असती."

"घेतली असती तर हे टळलं असतं?" बायकोने विचारलं.

"धोका कमी झाला असता. टळलंच असतं, असं नाही सांगता येत."

बायकोला हो किंवा नाही, असं एक नक्की उत्तर हवं होतं, मग ते कुठलंही चाललं असतं.

चौघांनी खुर्चीत बसवून त्याला चार मजले वर चढवलं. त्यानंतर तो खाली उतरला नाही. हत्यारांच्या पिशवीत बायकोला लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला. तिने एक घेऊन गोळ्यांच्या डबीला बांधली.

डाव्या हाताने गोळी तोंडात टाकून त्याने डबीकडे बघितलं. शब्द जड झाले होते.

"काढ ती. तार जोडली... की काढायची असते."

"राहू दे," ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला.